श्रवणाच्या सरावात चुकीच्या पर्यायांचाही अभ्यास हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

केंब्रिजच्या ‘सी१ ॲडव्हान्स्ड’ या प्रगत इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्यांना लिसनिंगच्या पेपरसाठी सगळीकडून एकच सल्ला मिळतो : भरपूर ऐका आणि रोज एक पेपर सोडवा. सल्ला चूक नाही, पण अर्धवट आहे आणि त्यापायी अनेकांचे महिने वाया जातात. पेपर सोडवला, उत्तरे ताडून पाहिली, ३० पैकी १९ आले. दुसऱ्या दिवशी नवा पेपर, त्यात १८. महिन्याने पुन्हा १९. रोज वजनकाट्यावर उभे राहिल्याने वजन कमी होत नाही, तसलाच हा प्रकार. बहुपर्यायी प्रश्नांचा खरा सराव पेपर सोडवून झाल्यावर सुरू होतो. बरोबर उत्तर का बरोबर, एवढे कळून भागत नाही. उरलेले दोन किंवा तीन पर्याय का चुकीचे, हे रेकॉर्डिंगमधल्या नेमक्या वाक्यावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर आलेला गुण नशिबाचा समजावा.

पेपरची रचना बहुतेकांना माहीत असते, तरी थोडक्यात सांगतो. वेळ साधारण ४० मिनिटे, भाग चार, प्रश्न ३०, आणि प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदा ऐकवले जाते. पहिल्या भागात तीन छोटे संवाद असतात; प्रत्येकावर दोन प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय. तिसऱ्या भागात साधारण चार मिनिटांची मुलाखत किंवा चर्चा असते; तिच्यावर सहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. दुसऱ्या भागात वाक्ये पूर्ण करायची असतात, तर चौथ्यात पाच वक्त्यांची विधाने दोन याद्यांशी जुळवायची असतात. प्रत्येक यादीत आठ पर्याय. चौथा भाग नावाने वेगळा असला तरी त्यातले चकवे, म्हणजे फसवे पर्याय, पहिल्या आणि तिसऱ्या भागातलेच आहेत, त्यामुळे पुढचे बरेचसे त्यालाही लागू पडते. एकूण निकालात लिसनिंगचा वाटा २० टक्के. सराव पेपरांच्या गुणांसाठी केंब्रिजने जो तक्ता दिला आहे, त्यात या पेपरातले ३० पैकी १८ म्हणजे त्यांच्या मापपट्टीवर १८०, म्हणजे सी१ पातळीचा उंबरठा. आणि २६ म्हणजे २००.

आता एक हिशेब. पहिल्या आणि तिसऱ्या भागात मिळून बारा प्रश्न आहेत. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरीने पहिल्या भागात दोन आणि तिसऱ्यात दीड, असे साडेतीन गुण पदरात पडतात. बारापैकी सात आले म्हणून खूश होणाऱ्याने त्यांतले किती खरोखर कळून आले आणि किती आपसूक पडले, हे आधी तपासावे. त्यासाठी सराव करताना प्रत्येक उत्तराशेजारी एक अक्षर लिहायची सवय लावावी : पक्के असेल तर ‘प’, दोन पर्यायांत घुटमळून निवडले असेल तर ‘अ’, आणि निव्वळ ठोकून दिले असेल तर ‘ठ’. ‘ठ’ लिहिलेले उत्तर बरोबर निघाले तरी ते चुकांच्या वहीत गेलेच पाहिजे. याहून महत्त्वाचे म्हणजे ‘प’ लिहून चुकलेले उत्तर. तिथे चकव्याने तुम्हाला पूर्ण गुंडाळलेले असते आणि शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिथेच सापडते.

चकवा कसा रचलेला असतो, ते एका नमुन्यावरून पाहू. नमुना आम्हीच रचलेला आहे, पण घाट तिसऱ्या भागातलाच. वास्तुरचनेची नोकरी सोडून जुन्या फर्निचरची दुरुस्ती करू लागलेल्या बाईंची मुलाखत आहे. प्रश्न : त्यांनी नोकरी का सोडली? पर्याय, परीक्षेत अर्थातच इंग्रजीत : ए, पगार अपुरा वाटत होता, बी, कामाचे तास झेपत नव्हते, सी, सहकाऱ्यांशी पटत नव्हते, डी, प्रत्यक्ष हाताने करायचे काम उरले नव्हते. आणि बाई म्हणतात :

“पीपल अझ्यूम इट वॉज दि अवर्स, अँड येस, वी वर ऑफन स्टिल देअर ॲट नाइन. बट आयड हॅव पुट अप विथ दॅट क्वाइट हॅपिली. अँड नोबडी कुड से आय वॉज बॅडली पेड. इट्स जस्ट दॅट बाय दि एंड आय वॉज सिटिंग इन मीटिंग्ज अबाउट बिल्डिंग्ज, अँड आय हॅडन्ट सो मच ॲज पिक्ट अप अ पेन्सिल इन मन्थ्स.”

उत्तर डी. पण बरेच जण बी निवडतील, आणि का ते पाहा. ‘अवर्स’ हा शब्द अगदी सुरुवातीला, ठळकपणे येतो. पाठोपाठ ‘येस’ येते आणि रात्री नऊचा उल्लेखही. कानाला पुरावा मिळाला, पेन्सिल बी वर टेकली, आणि तिथून पुढचे ऐकणे थांबले. हा पर्याय रद्द करणारे वाक्य लगेच नंतर आहे : ‘आयड हॅव पुट अप विथ दॅट’, म्हणजे तेवढे मी आनंदाने सोसले असते. बोलण्याच्या वेगात ‘आयड हॅव’चे ‘आयडव’ होते, त्यातला ‘ड’ निसटतो आणि कानात उरते फक्त ‘पुट अप विथ’. मग वाटते, बाई बिचाऱ्या बरेच दिवस सोसत होत्या आणि शेवटी कंटाळल्या. ए बाबतही तेच. ‘बॅडली पेड’ स्पष्ट ऐकू येते, त्याआधीचे ‘नोबडी कुड से’ पुसट. सी ची गंमत वेगळी : सहकाऱ्यांबद्दल बाई चकार शब्द काढत नाहीत. ‘मीटिंग्ज’ ऐकून भांडणे आपण आपल्या मनाने जोडतो. आणि बरोबर पर्यायातला ‘हात’ किंवा ‘काम’ यांतला एकही शब्द रेकॉर्डिंगमध्ये नाही; आहे ती फक्त महिनोन्‌महिने न उचललेली पेन्सिल. खरे कारण आता येणार, याची सूचना ‘इट्स जस्ट दॅट’ या तीन लहानशा शब्दांनी दिली होती.

पर्याय आणि रेकॉर्डिंग यांच्यातले अंतर बहुतेक वेळा असेच असते. पर्याय भारदस्त आणि मोघम भाषेत. बोलणारा मात्र रोजच्या, ठोस भाषेत. म्हणून पर्यायातला शब्द जसाच्या तसा कानावर पडला की सावध व्हावे. मात्र याचा कायदा करू नये. ‘ऐकू आलेला शब्द म्हणजे चुकीचा पर्याय’ असे घोकणारेही असतात आणि तेही फसतात, कारण बरोबर पर्यायातला एखादा साधा शब्द रेकॉर्डिंगमध्ये खुशाल येऊ शकतो. शब्द ऐकू आला याचा अर्थ इतकाच, की पर्यायाचा विषय निघाला आहे. बोलणारा त्याबद्दल काय म्हणतो, ते अजून ऐकायचे आहे.

या नमुन्यात न आलेले आणखी काही चकवे पुन्हा पुन्हा भेटतात. एक काळाचा : बोलणारा आधी काय समजत होता ते सांगतो आणि मग आता काय वाटते ते, प्रश्न आताच्या मताबद्दल असतो आणि पर्यायात आधीचे असते. ‘आय यूज्ड टू’, ‘ओरिजिनली’, ‘आयड ॲझ्यूम्ड’, ‘ॲट फर्स्ट’ यांपैकी काही ऐकू आले की पुढे वळण आहे असे धरून चालावे. दुसरा माणसाचा : मत मांडले गेले, पण ते कोणाचे? ‘देअर आर दोज हू से’ असे म्हणून बोलणारा दुसऱ्यांचे मत सांगतो आणि मग ते खोडतो. पहिल्या भागात प्रश्न बाईंच्या मताबद्दल आणि पर्याय पुरुषाच्या वाक्यातून उचललेला, हे तर नेहमीचेच. तिसरा चकवा निम्म्या सत्याचा. पर्यायाचा पहिला अर्धा भाग तंतोतंत जुळतो, पण शेपटीत एखादे ‘ओन्ली’, ‘ऑलवेज’ किंवा ‘मोस्ट’ असते आणि ते रेकॉर्डिंगमध्ये नसते. चौथा मला सर्वांत धूर्त वाटतो : पर्याय पूर्ण खरा, रेकॉर्डिंगमध्ये सांगितलेलाही, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच नव्हे. प्रश्न ‘का’ असा आणि पर्यायात परिणाम. किंवा प्रश्न ‘सर्वांत जास्त आश्चर्य कशाचे वाटले’ असा आणि पर्यायात आश्चर्य वाटलेल्या तीन गोष्टींपैकी दुय्यम एक. अशी चूक झालेल्याला आपले कुठे बिघडले तेच कळत नाही, कारण ऐकलेले सगळे बरोबर होते. चूक प्रश्न वाचताना झाली होती.

दोघांचे एकमत कशावर आहे, हा प्रश्न पहिल्या भागात वरचेवर येतो. त्यासाठी नम्र असहमती ओळखता यायला हवी. इंग्रजीत ‘आय डिसॲग्री’ असे तोंडावर क्वचितच कोणी म्हणतो. ‘अप टू अ पॉइंट’, ‘आय सी व्हॉट यू मीन, दो’, लांबवलेले ‘वेल’, किंवा ‘आय सपोज सो’ एवढ्यावर भागवले जाते. उलट पूर्ण सहमती ‘टेल मी अबाउट इट’ अशी येते, आणि ‘मला त्याबद्दल सांग’ असा सरळ अर्थ घेणारा तिथेच चुकतो. समजा, एका प्रदर्शनाबद्दल दोघे बोलत आहेत. तो : “द लायटिंग रूइन्ड इट फॉर मी.” ती : “इट वॉज अ बिट डिम, आय सपोज, दो इट डिड मेक यू लुक हार्डर. बट दोज लेबल्स! यू निडेड अ मॅग्निफाइंग ग्लास.” तो : “टेल मी अबाउट इट.” प्रकाशयोजनेने प्रदर्शनाचा विचका झाला, हे त्याचे मत. तिने अंधुकपणा मान्य केला, विचका नाही. उलट त्याचा एक फायदाही सांगितला. एकमत आहे ते माहितीच्या पाट्या वाचता येत नव्हत्या यावर, आणि त्याच्या बाजूने त्याचा पुरावा शेवटचे चार शब्द आहेत. ते ऐकू आले नाहीत किंवा कळले नाहीत, तर गुण गेला.

यापुढची गोष्ट कानाची. शब्द वाचताना ओळखीचा, बोलताना अनोळखी, हा अनुभव या पातळीलाही येतोच. ‘वुडन्ट हॅव’चे ‘वुडन्टव’ होते, ‘ऑव्ह’ आणि ‘हॅव’ दोन्ही नुसत्या ‘अव’वर येतात. ब्रिटिश बोलीत ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतला फरक शेवटच्या ‘ट’वर शोधू नये, तो बहुधा गिळलेला असतो. फरक स्वरात आहे : होकारी ‘कॅन’ आक्रसून ‘कन’ होतो, नकारीतला ‘आ’ मात्र लांब राहतो. अमेरिकी उच्चारात दोन्हीकडे स्वर जवळपास सारखाच, म्हणून तिथे आघाताकडे कान द्यावा. नकारी रूपावर जोर असतो, होकारीवर सहसा नसतो. या परीक्षेत निरनिराळ्या धाटणीचे उच्चार येतात, तेव्हा एकाच देशाच्या बातम्या ऐकून भागणार नाही. शिवाय नकार नेहमी ‘नॉट’ घेऊन येत नाही. ‘हार्डली’, ‘बेअरली’, ‘फार फ्रॉम’, ‘एनिथिंग बट’, ‘इफ ओन्ली’, ‘आय वुडन्ट गो सो फार ॲज’ हे सगळे नकाराचेच प्रकार. ‘आयड हॅव गिव्हन अप इफ इट हॅडन्ट बीन फॉर माय ट्यूटर’ या वाक्यात बोलणाऱ्याने काहीही सोडलेले नाही, पण घाईत ऐकणाऱ्याला ‘गिव्हन अप’ तेवढे ऐकू येते. आणि आवाजाचा चढउतार : ‘इट वॉज अ गुड आयडिया’ हे वाक्य ‘गुड’वर जोर देऊन, शेवटी सूर वर वळवून म्हटले, की पुढे न उच्चारलेला ‘पण’ असतो. छापील कागदावर हे दिसणार नाही, म्हणून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रेकॉर्डिंगचा छापील मजकूर, वाचताना रेकॉर्डिंग सोबत चालू असावेच.

आता सराव कसा करायचा ते सांगतो. एका बैठकीला तिसऱ्या भागाचे एकच रेकॉर्डिंग किंवा पहिल्या भागातले तीन संवाद घ्यावेत, जास्त नाही. आधी परीक्षेच्या नियमांनी सोडवावे : मध्ये न थांबवता दोनदा ऐकायचे, प, अ, ठ लिहायचे. उत्तरपत्रिका उघडायची नाही. मग तेच रेकॉर्डिंग आणखी दोनदा ऐकावे, आता हवे तिथे थांबवून, आणि बदललेली उत्तरे वेगळ्या शाईने लिहावीत. इथेच एक निदान होते. जास्त वेळा ऐकल्यावर उत्तर सुधारले, तर अडचण वेगाची आहे. चौथ्यांदा ऐकूनही तेच चुकीचे उत्तर कायम राहिले, तर अडचण शब्दसंग्रहाची, नाहीतर प्रश्न वाचण्याची.

नंतर ट्रान्सक्रिप्ट घ्यावी, उत्तरे अजूनही बंदच. प्रत्येक प्रश्नासाठी बरोबर पर्याय सिद्ध करणारे वाक्य अधोरेखित करायचे आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो मारणारे वाक्य लिहायचे. तिसऱ्या भागात सहा प्रश्न, चार पर्याय, म्हणजे चोवीस नोंदी झाल्या पाहिजेत. एखाद्या पर्यायाबद्दल काहीच सापडले नाही तर ‘उल्लेखच नाही’ असे लिहावे, तीही नोंदच. चार मिनिटांच्या रेकॉर्डिंगला या कामात सहज पाऊण तास जातो. कंटाळवाणे आहे, मान्य. पण दहा नवे पेपर उडत उडत सोडवण्यापेक्षा असे दोन पेपर खणून काढणे जास्त उपयोगाचे, असे आमचे ठाम मत आहे. चोवीस नोंदी झाल्यावरच उत्तरे ताडावीत.

चुकांच्या वहीत नुसते ‘चौथा प्रश्न चुकला’ असे लिहून काही हाती लागत नाही. चूक चारपैकी कोणत्या प्रकारची, ते लिहावे : शब्द कानाला सापडलाच नाही, सापडला पण अर्थ ठाऊक नव्हता, अर्थ कळला पण चकव्यात सापडलो, की प्रश्नच चुकीचा वाचला. प्रत्येकावरचा उपाय वेगळा. पहिल्या प्रकाराला श्रुतलेखन : निसटलेल्या जागेच्या आजूबाजूचे २० ते ३० सेकंद निवडावेत, वाक्यांशागणिक थांबवत शब्द न्‌ शब्द लिहावे, फार तर पाचदा ऐकावे आणि मग ट्रान्सक्रिप्टशी पडताळावे. चुका बहुधा ‘ड’, ‘व’, ‘न्ट’ अशा लहान तुकड्यांत सापडतात. मग तेवढाच भाग बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच वेगात मोठ्याने म्हणावा. जे आपल्या तोंडून गिळून उच्चारता येते, ते कानालाही ओळखता येऊ लागते. दुसऱ्या प्रकारासाठी शब्दांची वही, पण तीत भावना आणि भूमिका दाखवणारे शब्द आधी : ‘रिलक्टंट’, ‘स्केप्टिकल’, ‘डिसमिसिव्ह’, ‘रिलीव्ह्ड’, ‘इंडिफरंट’. पर्याय अशाच शब्दांनी भरलेले असतात. प्रत्येकाखाली ती भावना दाखवणारी, पण तो शब्द न वापरणारी दोन बोलकी इंग्रजी वाक्ये लिहावीत. तिसऱ्या प्रकारात चकव्याचे नाव लिहावे. काळाचा, माणसाचा, निम्म्या सत्याचा, जो असेल तो. दहाबारा रेकॉर्डिंगनंतर पाने चाळली की आपण पुन्हा पुन्हा कुठे अडकतो ते दिसते. चौथ्या प्रकाराला वहीची गरज नाही, प्रश्नातल्या नेमक्या शब्दाखाली रेघ मारायची शिस्त पुरते.

दोन गोष्टी मुद्दाम टाळाव्यात. रेकॉर्डिंगचा वेग कमी करून ऐकू नये. परीक्षेत तो मिळत नाही आणि मंद केलेला आवाज कानाला भलतीच सवय लावतो. लागेल तिथे थांबवणे परवडले. आणि उपशीर्षके लावून पाहिलेल्या कार्यक्रमांना श्रवणाचा सराव समजू नये. डोळा कानाच्या आधी पोचतो, मग कान काम करत नाही. एक सराव मात्र जरूर करावा : पर्याय झाकून ठेवायचे, फक्त प्रश्न वाचून रेकॉर्डिंग ऐकायचे, आपल्या शब्दांत उत्तर लिहायचे आणि मग पर्याय उघडून त्याच्या जवळचा शोधायचा. परीक्षेत असे करता येणार नाही, पण पर्यायांच्या भूलथापांआधी बोलणाऱ्याचे म्हणणे समजून घ्यायची सवय यानेच लागते.

प्रत्यक्ष परीक्षेत तिसऱ्या भागाआधी प्रश्न वाचायला ७० सेकंद मिळतात. सहा प्रश्नांना वाटले तर प्रत्येकी बारासुद्धा नाहीत. सगळे पर्याय सारख्याच काळजीने वाचत बसलात तर शेवटचे दोन प्रश्न कोरेच राहतात. आधी सहाही प्रश्न वाचावेत, कोण, कशाबद्दल, केव्हाचे, याखाली रेघ मारावी. मग प्रत्येक पर्यायातला एकच कळीचा शब्द टिपावा. प्रश्न रेकॉर्डिंगच्याच क्रमाने येतात आणि बहुतेकदा मुलाखतकाराचा नवा प्रश्न म्हणजे तुमचाही पुढचा प्रश्न. एखादे उत्तर निसटले तर त्याच्यामागे धावू नये. मुलाखतकाराच्या पुढच्या वाक्यावर पाय टेकावा. राहिलेला प्रश्न दुसऱ्या खेपेला बघता येतो. पहिल्या खेपेला निवडलेल्या पर्यायाजवळ हलका ठिपका द्यावा आणि दुसऱ्या खेपेला तो तपासावा. बदलायचा असेल तर बदलायला लावणारे वाक्य सांगता आले पाहिजे, नुसते ‘आता हे बरे वाटते’ म्हणून बदलू नये. चुकीला गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडणे म्हणजे हातचे घालवणे. कागदी परीक्षेत उत्तरे उत्तरपत्रिकेवर उतरवायला शेवटी पाच मिनिटे असतात. एक ओळ खाली सरकून पुढचे सगळे चुकते ते तिथेच, म्हणून दर भागाच्या शेवटी क्रमांक जुळतो का ते पाहावे.

आयईएल्ट्सची तयारी करणाऱ्यांनी हे वाचताना एक फरक ध्यानात ठेवावा : तिथे रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. पहिल्यांदा ऐकून दिलेली उत्तरेच गुणांसाठी धरावीत, बाकीचे खणून काढणे तसेच करावे.

किती करावे, असे विचारले जाते. आठवड्याला अशा चार बैठका, प्रत्येकी तासाभराच्या, आणि पंधरा दिवसांतून एकदा चारही भागांचा पूर्ण पेपर, एवढे बहुतेकांना पुरते. तीनचार न पाहिलेले पेपर मात्र शेवटच्या तीन आठवड्यांसाठी कुलूपबंद ठेवावेत, नाहीतर खरी पातळी मोजायला हाताशी काही उरत नाही. हेडफोनची सवय झालेल्यांनी अधूनमधून खोलीत स्पीकर लावूनही सोडवावे. कागदी परीक्षेत स्पीकर लागण्याची शक्यता असते.

जोडीने अभ्यास करणाऱ्यांसाठी एक खेळ आहे, आणि तो दिसतो त्यापेक्षा कठीण आहे. दोघांनी दीड मिनिटाचा एखादा इंग्रजी संवाद निवडावा आणि प्रत्येकाने त्यावर चार पर्यायांचा एक प्रश्न रचून दुसऱ्याला घालावा. अट अशी, की प्रत्येक चुकीचा पर्याय रेकॉर्डिंगमधल्या कशावर तरी उभा हवा आणि तरीही निर्विवाद चुकीचा हवा. बरोबर पर्यायात बोलणाऱ्याचे शब्द वापरायचे नाहीत. पाचसहा प्रश्न रचून झाले की परीक्षकाचे डोके कसे चालते ते आतून कळते आणि दुसऱ्याने रचलेला चकवा वासावरून ओळखू येतो.

साहित्याबद्दलही सांगायलाच हवे. केंब्रिजच्या संकेतस्थळावर नमुना पेपर रेकॉर्डिंगसह मोफत मिळतात, जुन्या पेपरांची पुस्तकेही आहेत. त्याखेरीज फुकट फिरणारे सराव प्रश्न मात्र पारखून घ्यावेत. पारख सोपी आहे : रेकॉर्डिंग न ऐकता, नुसत्या व्यवहारज्ञानावर प्रश्न सोडवून पाहावेत. अशी निम्म्याहून अधिक उत्तरे बरोबर आली, तर तो संच टाकून द्यावा. तसेच ज्या संचात पर्यायातला शब्द ऐकू आला की तेच उत्तर ठरते, तो संच तुम्हाला नेमकी चुकीची सवय लावतो. भाषा कितीही अवघड असली तरी असला प्रश्न या पातळीचा नाही.

शेवटी एक विनंती आपल्याला, आणि आपल्यामार्फत सराव संच छापणाऱ्या प्रकाशकांना. इंग्रजीच्या परीक्षांचे सराव प्रश्न वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि पुस्तकांत छापले जातात, पण खाली उत्तरे बहुधा ‘१–सी, २–ए, ३–डी’ अशी एका ओळीत उरकलेली असतात. लिसनिंगच्या प्रश्नांना एवढे उत्तर पुरत नाही. प्रश्न निम्मे छापले तरी चालतील, पण प्रत्येकाखाली रेकॉर्डिंगचा संबंधित उतारा द्यावा आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे एक ओळ : हा कोणत्या वाक्याने बाद झाला. जागेची अडचण आम्हाला कळते. आठवड्याला एकच प्रश्न, चार पर्याय, पाच ओळींचा उतारा आणि चार ओळींचे स्पष्टीकरण एका स्तंभाच्या चतुर्थांशात मावते. रेकॉर्डिंगसाठी शेजारी क्यूआर कोड छापता येईल.

आपले,
इंग्रजीच्या प्रगत परीक्षांची तयारी करून घेणारे काही शिक्षक